स्क्रब टायफसच्या रुग्णाबाबत या चुका टाळा

पावसाळा सरत आला आणि बांधावरचे गवत वाढले की रुग्णालयात तापाचे रुग्ण वाढतात. अशा वेळी डेंग्यू, मलेरिया आणि टायफॉइड यांच्या चाचण्या आधी होतात आणि त्यांतून काही निष्पन्न झाले नाही, तरच स्क्रब टायफसची, म्हणजे माइट या जीवाच्या अळीच्या चाव्यातून होणाऱ्या जिवाणूजन्य तापाची, आठवण होते. नागपूर आणि विदर्भाच्या परिसरात २०१८ मध्ये या आजाराने बळी घेतले होते, तरीही ही सवय पुरती बदललेली नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रुग्णाला पूर्ण न तपासणे. माइट या अतिसूक्ष्म जीवाची अळी जिथे चावते, तिथे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली धरते; परंतु ती दुखत नाही आणि सहसा खाजतही नाही, त्यामुळे ती आपल्या अंगावर आहे हे रुग्णालाच ठाऊक नसते. काख, जांघ, स्तनांखालची घडी, कमरपट्ट्याची जागा, गुडघ्याची मागची बाजू आणि कानामागचा भाग हे सारे, रुग्णाचा संकोच सांभाळून, कपडे बाजूला करून पाहिलेच पाहिजे. ओलसर त्वचेवर खपलीऐवजी उथळ व्रणच दिसतो, आणि पुष्कळ रुग्णांत काहीच सापडत नाही. म्हणून खपली नसल्याने निदान खोडून काढता येत नाही.

‘किडा चावला होता का?’ हा प्रश्नही फारसा उपयोगी नाही, कारण डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या या अळीचा चावा जाणवत नाही. मागील दोन-तीन आठवड्यांत गवत कापायला, गुरे चारायला किंवा सरपण आणायला गेला होतात का, असे विचारावे.

प्लेटलेट कमी झाल्या म्हणजे डेंग्यूच, असे गृहीत धरू नये. स्क्रब टायफसमध्येही त्या घटतात आणि यकृताच्या चाचण्या बिघडतात. रक्तातील प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम एलायझा चाचणी पहिल्या पाच-सात दिवसांत नकारात्मक येऊ शकते आणि वेल-फेलिक्स ही जुनी रक्तचाचणी पुष्कळ रुग्ण हुकवते. म्हणून संशय बळकट असेल, तर अहवालाची वाट पाहत उपचार थांबवून ठेवणे धोक्याचे आहे.

याहून वाईट म्हणजे सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे प्रतिजैविक सुरू करून निर्धास्त राहणे. या आजाराला कारणीभूत असलेला ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हा जिवाणू पेशींच्या आत वाढतो आणि या औषधाला दाद देत नाही, त्यामुळे मोलाचे दिवस वाया जातात आणि फुप्फुसे, मूत्रपिंडे व मेंदू यांना इजा होऊ लागते. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध बहुतेकांना तारते. दात खराब होतील या भीतीने मुलांना ते नाकारले जाते; मात्र भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मुलांसाठीही ते दिलेले आहे, तर गर्भवतींसाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन सुचवले आहे. गंभीर रुग्णांना ही दोन्ही औषधे शिरेवाटे एकत्र दिल्यास एकेकट्या औषधापेक्षा अधिक लाभ होतो, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय औषध-चाचणीत दिसले. नातेवाइकांनी मात्र ही औषधे परस्पर दुकानातून आणून देऊ नयेत. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, तेव्हा रुग्णाजवळ बसायला घाबरण्याचेही कारण नाही.

योग्य औषध सुरू झाल्यावर ताप बहुधा ४८ तासांत उतरतो. तो तसाच राहिला, तर नुसता डोस वाढवत न बसता निदान चुकले आहे का, सोबत दुसरा संसर्ग आहे का किंवा एखादी गुंतागुंत सुरू झाली आहे का, हे त्याच दिवशी तपासावे.