घरातल्या दाराला डोअर क्लोजर लावायचा आहे तं आधी हे बघा

उन्हाळा लागला की हार्डवेअरच्या दुकानात "दार आपोआप लागेल असं काहीतरी द्या" म्हणणारे लय येतात, दुकानदार समोर असेल ते काढून देतो, अन मग दार एक तं धाडधाड आपटते नाही तं अर्ध्यातच अटकून राहते. म्हणून पहिले हे पक्कं करा की दार बंद कशासाठी पाहिजे. मच्छरासाठी, एसीच्या हवेसाठी, कुत्रं आत शिरू नये म्हणून, की एका खोलीत कापूस भरला आहे म्हणून (कापसाची खाज घरभर झाली की काय हाल होतात ते ज्याच्या घरी गंजी लागते त्यालाच माहीत). काम वेगळं तं वस्तू वेगळी.

वस्तू घ्यायच्या आधी दार तपासा. पल्ला अर्धा उघडा अन हात सोडा. तिथंच थांबला तं चौकट सरळ आहे, स्वतःहून उघडत गेला तं चौकट कललेली आहे. आपल्याकडे काळी माती, पावसाळ्यात फुगते अन उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यासोबत पाया हलतो अन चौकट तिरपी होते, त्यात लाकूडही पावसाळ्यात फुगतं. फरशीला घासणाऱ्या दाराला कितीही महागाचा क्लोजर लावा, तो नुसता झगडत राहतो अन लवकर जातो. वाढईला बोलवून कब्ज्याचे स्क्रू कसून घ्या, घासतं तिथं रंधा मारून घ्या, पण पावसाळ्यात रंधा बेतानंच मारा, काहून की लाकूड वाळलं की तिथंच फट दिसते.

हलकं दार असेल अन फक्त लोटलेलं राहिलं तरी चालत असेल, जसं स्वयंपाकघराचं, तं काही विकत घ्यायची गरजच नाही. वरच्या कब्ज्याच्या चौकटीकडच्या पानामागं पुठ्ठ्याची पातळ पट्टी घालायची. पल्ला वरून कडीच्या बाजूला किंचित झुकतो अन आपल्याच वजनानं बंद होत येतो. कडीकडं वरच्या कोपऱ्यात थोडी फट पाहिजे, नाही तं तिथं अटकेल. यात शेवटची बोटभर फट राहू शकते, म्हणून मच्छरासाठी हे कामाचं नाही.

जाळीच्या दाराला साधी लांब स्प्रिंग पुरते, एक टोक चौकटीला अन एक पल्ल्याला, वर एक मॅग्नेट लावा म्हणजे दार चिकटून राहते. डेंग्यूचा मच्छर दिवसा चावतो, त्यामुळं जाळी संध्याकाळीच नाही तं दिवसभर लागलेली पाहिजे, अन घरात पोट्टे दिवसभर आतबाहेर करतात, तेव्हा हे काम स्प्रिंगवरच सोडलेलं बरं. दार आपटत असेल तं नळीसारखा हवेवाला क्लोजर मिळतो, हलक्या दाराला तो चांगला.

स्प्रिंगचे कब्जे दिसायला साफ असतात, वर काही लटकत नाही. जुना कब्जा काढून त्याच मापाचा बसवायचा, मग स्प्रिंगला पीळ देऊन भोकात पिन अडकवायची. दार जेमतेम लागेल इतकाच पीळ द्या. याला ब्रेक नसतो, दार जोरात येतं, म्हणून लहान लेकरं असलेल्या घरात मी हे लावा म्हणणार नाही, बोट सापडलं तं लय वाईट होतं.

भारी दाराला हायड्रोलिक क्लोजरच. आत स्प्रिंग अन तेल असतं, स्प्रिंग दार ओढते अन तेल त्याला हळू करतं. क्लोजरचा नंबर, म्हणजे त्याची ताकद, पाहून घ्या, युरोपच्या ईएन ११५४ मानकाप्रमाणं २ नंबर म्हणजे ८५० मिमी रुंद अन ४० किलोपर्यंतचं दार, ३ नंबर म्हणजे ९५० मिमी अन ६० किलो. तीन फूट बाय सात फूट, ३५ मिमी जाड भरीव सागवानी पल्ला चाळीस-पंचेचाळीस किलोला जातो, त्याला ३ नंबर लागते. पोकळ फ्लश डोअरला तोच लावला तं म्हाताऱ्या माणसाला दार लोटायलाच जड जाईल.

बॉडीवर सहसा दोन स्क्रू असतात, एक दाराच्या पूर्ण चालीचा अन दुसरा शेवटच्या झटक्याचा. स्क्रू पाव-पाव फेराच फिरवा, दर वेळी दार सोडून पाहा, अन स्क्रू पूर्ण बाहेर कधीच काढू नका, तेल निघून जातं अन मग क्लोजर गेलाच समजा. पूर्ण उघडलेलं दार लागायला पाच-सात सेकंद घेत असेल तं ठीक. थंडीत तेल घट्ट होतं अन दार मंद चालतं, मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की तेच पातळ होऊन दार जोरात येतं, म्हणून दिवाळीनंतर एकदा अन मार्चमध्ये एकदा स्क्रू पाहून घ्या.

आता कूलर. एसीच्या खोलीला क्लोजर पाहिजेच, पण कूलरच्या खोलीला विचार करून लावा. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो, तिला निघायला वाट पाहिजे, दार-खिडकी दोन्ही बंद असलं की खोलीत दमट होते, अंग चिपचिप करते अन गारवा लागत नाही. वरून आत भरलेली हवा पल्ल्याला बाहेर रेटते, म्हणजे बाहेर उघडणारं दार नीट लागत नाही अन आत उघडणारं आपटते. क्लोजर लावायचाच असेल तं कूलरच्या समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, अन दाराची चाल कूलर चालू असतानाच सेट करा.

पोते, खाटा न्यायच्या वाटेवरचं दार असेल तं उघडं अडकवून ठेवता येईल असा हात (क्लोजर अन चौकट जोडणारा दांडा) असलेला क्लोजर मागा, नाही तं भिंतीला एक हूक ठोकून घ्या.