तिन्ही सप्तकांत बासरीचा सूर सारखाच भरीव कसा लावावा

बासरी शिकायला लागून तीन-चार महिने झाले की बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. मध्य म्हणजे मधल्या सप्तकातले सा, रे, ग बरे लागतात. खाली मंद्र पंचमाकडे, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प कडे, निघालं की आवाज फुसफुसायला लागतो आणि मधेच उडून वर जातो. तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, तर येतच नाही, आणि आला तरी शिट्टीसारखा टोचतो. ऐकणाऱ्याला वाटावं, तीन वेगळ्या बासऱ्या आळीपाळीने वाजतायत.

दोष बोटांना दिला जातो, पण एकदा बोटं मांडून बघा. सहा छिद्रांच्या बासरीवर सहाही छिद्रं बंद केली की मंद्र प, आणि तशीच ठेवली तरी मध्य प. फुंकायच्या बाजूची तीन बंद केली की मध्य सा, आणि तीच बंद असताना तार सा. बोट जागचं हलत नाही आणि सूर मात्र सप्तकभर वर जातो. म्हणजे जे घडतं ते ओठांत आणि फुंकेत. म्हणून पुढचे काही आठवडे अलंकार-पलटे (सरावाच्या ठरावीक स्वररचना) थोडे बाजूला ठेवा आणि ओठांकडे लक्ष द्या.

आधी वाद्य तपासा

हातात मावेल अशी मध्यम आकाराची बासरी घ्या. बासरीवादक पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी मंद्रातल्या गांभीर्यासाठी सुमारे ३२ इंची लांब बासरी मैफलीत रुजवली. तो घुमारा ऐकून आपणही थेट मोठी बासरीच घ्यावी असं वाटतं. पण बोटं ताणून ताणून छिद्रं झाकावी लागली तर मंद्र कधीच नीट लागणार नाही, आणि खोट ओठांत आहे की बोटांत हेही कळणार नाही. बासरी चांगली आहे ना, याची खात्री जाणत्या वादकाकडून वाजवून घेऊन करा. त्याच्या हातात तिन्ही सप्तकं सुरेल बोलली की शंका संपली.

आपला सर्वांत चांगला सूर शोधा

प्रत्येकाच्या बासरीत एक सूर असा असतो की तो न बोलावता येतो. बहुतेकांचा तो मध्य सा, रे किंवा ग असतो. तुमचा कोणता, ते ठरवा. बासरीचं फुंकायचं छिद्र खालच्या ओठाच्या कडेला टेकवा आणि छिद्राचा साधारण एक-तृतीयांश भाग ओठाखाली जाईल इतपत बासरी फिरवा. दात किंचित उघडे ठेवा, घसा जांभई देताना होतो तसा मोकळा सोडा आणि पोट फुगवत श्वास घ्या. खांदे वर गेले तर श्वास छातीतच अडकला असं समजा.

आता तो एक सूर मंद आवाजात आठ-दहा सेकंद धरा. सुराच्या मागे हवेची सळसळ ऐकू येते का? येत असेल तर ओठांमधली फट हवी त्यापेक्षा मोठी आहे. आरशासमोर उभे राहा. फट तांदळाच्या दाण्याएवढी, आडवी आणि छिद्राच्या बरोबर समोर दिसली पाहिजे. काहींच्या वरच्या ओठाला मधोमध टोक असतं, त्यांची फट थोडी बाजूला होते. अशा वेळी ओठ ओढूनताणून मधे आणू नका, त्याऐवजी बासरीच थोडी सरकवा. मग बासरी केसभर आत-बाहेर फिरवत राहा. एका जागी आवाज एकदम दाट होतो, बांबू बोटांखाली थरथरतो. ती थरथर ओळखीची करून घ्या. यापुढचं सगळं काम म्हणजे हाच दाटपणा एकेक सूर करत खाली आणि वर नेणं.

मंद्राकडे उतरताना

सा वरून नी, ध, प असं एकेक बोट ठेवत उतरा. नियम एकच: मागच्या सुराचा दाटपणा पुढच्या सुरात आल्याशिवाय तिसऱ्याकडे जायचं नाही. सा-नी, सा-नी हे दहा वेळा, मग नी-ध, मग ध-प. मधे तुटक फुंकू नका, एकाच श्वासात एका सुरातून दुसऱ्यात सरका.

मंद्रात हवा हळू लागते, पण मेलेली नको. ओठ सैल सोडा, फट किंचित रुंद करा आणि फुंक जास्त खालच्या दिशेने, छिद्राच्या आत जाऊ द्या. ही दिशा बासरीशिवाय शिकता येते. तळहात हनुवटीसमोर वीतभर अंतरावर उभा धरा आणि त्यावर फुंका. जबडा न हलवता नुसत्या ओठांनी हवेचा झोत मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत वर-खाली फिरवायचा. मनगटाकडे जातो तो मंद्राचा झोत, बोटांच्या टोकांकडे जातो तो तारेचा. रोज दोन मिनिटं पुरतात.

एवढं करूनही मंद्र प उडत असेल तर बहुधा छिद्र गळतंय. माझ्या बाबतीत हा घोळ महिनाभर चालला. मी ओठांना दोष देत राहिलो, आणि चूक निघाली उजव्या हाताच्या अनामिकेची. ती सहाव्या छिद्राच्या कडेला एक केसभर फट ठेवत होती, एवढ्याने सगळा पंचम फाटायचा. तपासायची युक्ती सोपी आहे. सहाही छिद्रं झाकून अर्धा मिनिट बोटं जरा दाबून ठेवा, मग उचलून बघा. प्रत्येक बोटावर छिद्राचा पूर्ण गोल वळ उमटला पाहिजे. कुठे चंद्रकोर दिसली तर तिथून हवा जातेय. बोटांची टोकं वापरू नका, पेरांचा मऊ सपाट भाग वापरा. वाजवताना मात्र दाबायचं नाही, बोट नुसतं टेकवायचं. दाबलेला हात लवकरच ताठ होतो आणि ताठ हाताची बोटं आणखी गळतात.

तारेकडे चढताना

इथे जरा थांबून कारण समजून घेऊ, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. फुंकेची पातळ पट्टी छिद्राच्या समोरच्या काठावर आदळते आणि आत-बाहेर डोलते, त्यातून सूर उमटतो. मंद्र पंचमाची कंपनं सेकंदाला २४० असतील तर मध्य पंचमाची ४८० हवीत, म्हणजे ते डोलणं दुप्पट वेगाने व्हायला हवं. त्यासाठी हवेने ओठापासून काठापर्यंतचं अंतर लवकर कापलं पाहिजे. हे दोन प्रकारे जमतं: हवेचा वेग वाढवून किंवा अंतर कमी करून. नवा वादक यातलं काहीच न करता फक्त जास्त हवा सोडतो. सूर येतो, पण चढा, कर्कश, आणि दोन मिनिटांत डोकं गरगरतं.

पाण्याच्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की तेवढंच पाणी लांब उडतं. ओठांचं तसंच करायचं. फट बारीक करा, ओठ शिट्टी वाजवताना होतात तसे किंचित पुढे आणा म्हणजे अंतरही घटेल, आणि झोत थोडा वर उचला. ओठांचे कोपरे हसल्यासारखे मागे ओढू नका, त्याने ओठ पातळ होतात आणि सूरही पातळ होतो. हवेला आधार पोटाचा द्या, गाल-घसा मोकळेच ठेवा.

आता माझ्या मते सर्वांत उपयोगी व्यायाम. सहाही छिद्रं बंद करून मंद्र प लावा. बोटं न हलवता, फुंक न तोडता, फक्त ओठ आवळत मध्य प वर जा. तिथे स्थिर झालात की आणखी आवळा, तार रे येईल. मग तसेच ओठ सोडत खाली या. पहिल्या दिवशी मध्य प सुद्धा धक्क्याने येईल. तो धक्का जाऊन उडी अलगद व्हायला लागली की ओठांना वाट कळली असं समजा. यात एक बारीक गोष्ट ऐकण्यासारखी आहे: सप्तक बदलण्याच्या अगदी सीमेवर क्षणभर दोन्ही सूर एकत्र ऐकू येतात. त्या सीमेवर मुद्दाम रेंगाळा. मंद्र आणि मध्य एकाच वेळी धरता आले की आपला ओठ किती कमी हललाय ते लक्षात येतं.

यानंतर हेच फुंकायच्या बाजूची तीन छिद्रं बंद ठेवून मध्य सा ते तार सा करा. तार सा पहिल्यांदा अगदी हळू आवाजात लावायचा प्रयत्न करा. जोरात लावलेला तार सा कुणालाही जमतो, हळू लावलेला फक्त ओठांनीच जमतो.

सूर जुळवताना

मंद्रात सूर उतरतो आणि तारेत चढतो, ही सगळ्या शिकणाऱ्यांची खोड असते. तानपुरा लावून वाजवा. फोनवरचा तानपुरा चालेल, पण सुराचा काटा दाखवणारं ॲप समोर ठेवून वाजवू नका. डोळे काट्याकडे गेले की कान झोपतात. सूर धरून झाल्यावर तपासायला ते ठीक. तार चढत असेल तर हवा कमी करा आणि झोत किंचित खाली आणा. मंद्र उतरत असेल तर बासरी जास्त आत वळलेली नाही ना ते बघा. थंड बासरी सगळीकडेच उतरलेली वाजते, म्हणून सुरुवातीची पाच मिनिटं सुराचा निवाडा करू नका.

रोजचं प्रमाण

अर्धा तास असेल तर दहा मिनिटं चांगला सूर आणि मंद्र, दहा मिनिटं सहा छिद्रं बंद ठेवूनचा व्यायाम, पाच मिनिटं सा ते तार सा. उरलेल्या वेळात मनाला आवडेल ते वाजवा, पण तोच दाटपणा शोधत. दमसास वाढवायच्या नादात चक्कर आली तर बासरी खाली ठेवा, दोन मिनिटं शांत बसा. ओठ थरथरायला लागले की त्या दिवशीचं तारेचं काम संपलं. मंद्र मात्र वाजवता येईल. आठवड्यातून एकदा मंद्र प, मध्य प, तार सा असे तीनच सूर फोनवर रेकॉर्ड करा आणि लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना कान ओठांच्या बाजूने असतात, दुसऱ्या दिवशी ते निःपक्षपाती होतात.

तार गंधाराच्या (ग च्या) पुढे जायची घाई नको. तार मध्यमापासून (म पासून) बोटांची ठेवणही बदलते, आणि ओठ अजून चाचपडत असताना तिकडे गेलात तर दोन नव्या गोष्टी एकदम शिकाव्या लागतील. तार सा, रे, ग हळू आवाजात पाच-पाच सेकंद न हलता धरता येईपर्यंत इथेच थांबा.