रेवस-रेड्डी सायकल आणि खाडीतलं कयाक: या चुका टाळा

थंडी पडली की रेवस ते रेड्डी सागरी मार्गाने सायकलवर निघणारे ग्रुप वाढतात, आणि त्यातले बरेचजण शेवटी तारकर्ली-देवबागला कर्ली खाडीत कयाकपण (वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी) घेतात. रूट अप्रतिमच आहे, पण बहुतेक जण प्लॅन किलोमीटर बघून करतात आणि तिथेच फसतात, कारण कोकणात तुमचा दिवस खाडी ठरवते.

रस्ता प्रत्येक खाडीपाशी पार पाण्यापर्यंत उतरतो आणि पलीकडे लगेच सड्यावर (कातळाच्या पठारावर) चढतो, हे दिवसातून कितीतरी वेळा. हायवेवर दिवसाला आरामात १०० किलोमीटर मारणाऱ्यांनीही इथे ६०-७० च धरावेत. गणपतीपुळ्याहून आरे-वारेमार्गे रत्नागिरीला जाताना समुद्र बघायला थांबायचंच असतं, तो वेळ वेगळा. मागच्या चाकाच्या कॅसेटमध्ये (गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच) सगळ्यात मोठी चकती ३२-३४ दात्यांची असू द्या, नाहीतर गुडघे बोलायला लागतात.

फेरीबोटींचं टाइमटेबल आधी बघा. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, यातली शेवटची फेरी चुकली की संध्याकाळ गेलीच. नकाशाच्या ॲपमध्ये फेरी टाळायचं सेटिंग चालू राहिलं असेल तर दाभोळच्या धक्क्यावर उभं राहून समोर धोपावे दिसत असतं आणि ॲप चिपळूणकडून वळसा दाखवत असतं. आणि हो, जेटीच्या उतारावर ओहोटीला शेवाळ उघडं पडतं, तिथे सायकलवरून उतरून चालतच जा, ब्रेक दाबलात की चाक सरकलंच म्हणून समजा.

दिशा शक्यतो उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवा. दुपारनंतर वारा बहुतेक वायव्येकडून येतो, रेड्डीहून वर यायला लागलात तर रोज तोच तोंडावर.

आता कयाक. सगळ्यात मोठी चूक म्हणजे भरती-ओहोटी न बघता उतरणं. ओहोटीला खाडीचं पाणी मुखाकडे ओढतं, देवबागच्या संगमाजवळ तर जास्तच, आणि मजेत लांब गेलेल्यांना परत येताना कितीही वल्हवलं तरी कांदळवनातलं तेच झाड शेजारी दिसत राहतं. म्हणून भरती चढत असताना खाडीत आत जायचं, पाणी फिरलं की त्याच्याबरोबर परत. अंदाजासाठी कोकणातला जुना हिशोब आहे, तिथी गुणिले ३ भागिले ४, म्हणजे चतुर्थीला पूर्ण भरती ३ च्या सुमारास, अष्टमीला ६ च्या, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पुनव-अवसेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओढ जास्त, नवख्यांनी ते दिवस सोडावेत. तरी पाण्यात पाय टाकण्याआधी तिथल्या होडीवाल्या काकांना विचाराच, वाळूचे दांडे कुठे सरकलेत ते त्यांनाच माहीत असतं. सकाळी लवकर जा, वारा उठायच्या आत. लाइफ जॅकेटचे सगळे बक्कल लावा, खांदे धरून वर ओढल्यावर जॅकेट कानापर्यंत येत असेल तर ते ढिलं आहे.

शेवटी परत सायकलकडे: चेन कुरकुरत असेल तर वरून तेल ओतू नका, वाळू आतच राहते. रोज मुक्कामी पोचल्यावर गोड्या पाण्याने हलकेच धुवा, फडक्याने कोरडी करा, मग एकेका कडीवर थेंब थेंब तेल, आणि बाहेरचं जास्तीचं पुसून टाका.