हॉल ऑफ फेमवर भांडायचं कसं: सोलापुरी पद्धत

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या संग्रहालयात, कोणाला घ्यावं यावर वाद घालायला अमेरिकेत जन्मावं लागत नाही. पण उचलली जीभ लावली टाळ्याला असं केलं, तर आमच्या पार्क चौकातल्या टोळीत "काय बोलूलालास बे?" एवढंच ऐकून गप्प बसावं लागतं. टोळीत एक यंत्रमागवाला आहे, शाळेत सॉफ्टबॉल शिकवणारे सर आहेत, औषधाच्या दुकानात बसणारे एक अण्णा आहेत आणि मी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एक्स्पोर्टची कागदपत्रं करणारा. अमेरिकेतल्या उन्हाळ्यातली रात्रीची मॅच आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होते. पाण्याची पाळी पहाटेची असली की एकीकडे पाइप आणि एकीकडे मोबाइल, अशी आमची सोय होते. हा खेळ थोडाफार बघणाऱ्यांना नीट भांडता यावं म्हणून हे लिहितोय.

आधी नियम पाठ करा

हॉल ऑफ फेम न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन नावाच्या लहानशा गावात आहे. पहिलं मतदान १९३६ साली झालं आणि टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, ख्रिस्टी मॅथ्यूसन, वॉल्टर जॉन्सन असे पाच जण निवडले गेले. इमारत उघडली १९३९ मध्ये.

मत देतात ते बेसबॉल लिहिणारे पत्रकार, तेही संघटनेत सलग दहा वर्षं काढलेले. खेळाडू किमान दहा मोसम खेळलेला हवा आणि निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली हवीत. एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावं. ७५ टक्के मतं मिळाली की आत, ५ टक्क्यांच्या खाली गेला की यादीतून बाहेर, आणि मधे लोंबकळत राहिला तर दहा वर्षं संधी. पूर्वी ती पंधरा होती, २०१४ मध्ये कमी केली. पत्रकारांनी सोडलेल्यांसाठी नंतर सोळा जणांची समिती असते, तिथे बारा मतं लागतात.

निकाल जानेवारीच्या उत्तरार्धात लागतो, आपल्याकडे पहाटेच. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची, गर्दी तेव्हा ओसरत आलेली असते. त्यामुळे यात्रेतल्या चर्चा संपल्या की आमच्या या चर्चा सुरू होतात.

माप ठरवल्याशिवाय नाव काढू नका

टॉवेलची ऑर्डर घेताना साइज आणि जीएसएम (कापडाचं वजन) ठरल्याशिवाय आम्ही भाव सांगत नाही. इथंही तेच करा. समोरच्याला पहिला प्रश्न हा विचारा: तुला शिखर मोठं वाटतं की लांबी?

यासाठी माझी आवडती जोडी आहे सँडी कूफॅक्स आणि डॉन सटन. दोघंही पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, दोघंही लॉस एंजलिस डॉजर्सचे, आणि १९६६ चा एक मोसम तर एकाच संघात. कूफॅक्सचा तो शेवटचा, सटनचा पहिला. कूफॅक्सच्या नावावर एकूण विजय फक्त १६५. पहिल्या सहा वर्षांत तर ३६ जिंकले आणि ४० हरले, म्हणजे तेव्हा सोडलं असतं तर आज कोणी नावही घेतलं नसतं. पुढच्या सहा वर्षांत मात्र १२९ जिंकले, ४७ हरले. तीन साय यंग पुरस्कार (मोसमातल्या सर्वोत्तम पिचरचा), चार नो-हिटर (अख्ख्या मॅचमध्ये कोणालाही फटका मारून बेस गाठू न देणं), त्यातला एक परफेक्ट गेम (कोणीच, कसाही, बेसवर पोहोचला नाही). कोपराच्या संधिवातामुळे तिशीतच थांबला आणि १९७२ मध्ये पहिल्याच मतदानात आत गेला.

सटन २३ मोसम खेळला. ३२४ विजय, ३,५७४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), पण साय यंग एकदाही नाही आणि वीस विजयांचा मोसम फक्त एक. त्याला १९९८ पर्यंत, पाचव्या प्रयत्नापर्यंत थांबावं लागलं.

आमच्याकडे यावर सर आणि यंत्रमागवाला यांची कायमची जुंपलेली. सर म्हणतात, "सहा वर्षं सगळ्यांच्या वर होता, आणखी काय पाहिजे?" यंत्रमागवाला म्हणतो, "आणि तेवीस वर्षं रोज कामावर येणारा काय उपऱ्या?" मग अण्णा मधे पडून चहा सांगतात. मला दोघेही आत हवेत, पण एकच जागा असती तर मी कूफॅक्सला दिली असती. तुम्ही सटनला दिली तरी चालेल. फक्त मग पुढच्या नावाला माप बदलायचं नाही. कूफॅक्सच्या वेळी शिखर आणि आपल्या लाडक्याच्या वेळी लांबी, हे मापात पाप झालं. वादात समोरचा सगळ्यात जास्त इथंच सापडतो, म्हणून मी त्याचं पहिलं उत्तर कागदावर लिहून ठेवतो.

आकडा कुठला, कधीचा आणि कुठल्या जागेचा

पॉली उम्रीगर सोलापुरात जन्मले, १९२६ साली. ५९ कसोटी, ३,६३१ धावा, १२ शतकं. आजच्या पोराला हे सांगा, तो म्हणेल, "बस, एवढंच?" पण १९६२ मध्ये ते थांबले तेव्हा भारताकडून सर्वांत जास्त कसोटी, धावा आणि शतकं त्यांचीच होती. हे ज्याला पटलं त्याला बेसबॉलमधला काळाचा मुद्दा वेगळा समजवावा लागत नाही. १९६८ मध्ये पिचरांनी असा काही धुमाकूळ घातला की अमेरिकन लीगमधली (अमेरिकेतल्या अव्वल मेजर लीगचा एक भाग) फलंदाजीची सर्वोत्तम सरासरी, म्हणजे संधींच्या मानाने हिट्स (फटका मारून बेस गाठणं), कार्ल यास्त्रेम्स्कीची होती, आणि ती होती फक्त .३०१. पुढच्या वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. त्यामुळे सरासरी सांगितली की साल सांगायचं, नाहीतर ती सरासरी मोजायची नाही.

मैदानाचंही तसंच. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंच, हवा विरळ, चेंडू लांब जातो. लॅरी वॉकर कोलोरॅडोकडून तिथं खेळला म्हणून वर्षानुवर्षं लोक नाक मुरडत राहिले. पण १९९७ मध्ये त्याने ४९ होमरन (आपल्या षटकारासारखे) मारले, त्यातले २९ बाहेरच्या मैदानांवर. ज्याला "घरच्या मैदानावरचा वाघ" म्हणायचं त्याने आधी बाहेरचे आकडे बघायचे असतात. वॉकर शेवटच्या, दहाव्या संधीला २०२० मध्ये ७६.६ टक्के मतांनी आत गेला, म्हणजे काठावर.

आणि जागा. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाला, पहिल्या बेसवाल्याच्या होमरनने मोजू नका. ऑझी स्मिथने अख्ख्या कारकिर्दीत २८ होमरन मारले. क्षेत्ररक्षणासाठीचे गोल्ड ग्लोव्ह मात्र तेरा. २००२ मध्ये पहिल्याच फेरीत ९१.७ टक्के.

हे सगळं एका आकड्यात हवं असेल तर वॉर (WAR) आहे. याच्या जागी सहज मिळणारा साधा बदली खेळाडू असता तर संघाने किती मॅचेस कमी जिंकल्या असत्या, याचा तो अंदाज. जे जॅफी नावाच्या अभ्यासकाने एकूण वॉर आणि सर्वोत्तम सात मोसमांचा वॉर यांची सरासरी काढून शिखर-लांबीच्या भांडणावर तोडगाही काढलाय. आकडा वापरा, पण त्याला देव करू नका. जुन्या काळातलं क्षेत्ररक्षण त्यात बरंचसं अंदाजाने येतं.

दगडापेक्षा वीट मऊ, हे कारण चालत नाही

हेरॉल्ड बेन्स भला माणूस, २,८६६ हिट्स. पत्रकारांनी त्याला कधी ६.१ टक्क्यांच्या वर मत दिलं नाही. मग डिसेंबर २०१८ मध्ये समितीने बरोब्बर बारा मतांनी त्याला आत घेतलं. त्याचा वॉर चाळिशीच्या आत. तेव्हापासून कोणीही उठतो आणि म्हणतो, "बेन्स चालतो तर आमचा का नाही?" असं मोजत गेलं तर कूपरस्टाउनमध्ये शे-दोनशे पाट्या आणखी लावाव्या लागतील. उंबरठ्याशी तुलना करू नका, त्या जागेवर आधीच आत असलेल्यांच्या मधल्या फळीशी करा.

याच मापाने उलटी बाजूही दिसते. डेट्रॉइटचा दुसऱ्या बेसचा लू व्हिटेकर. वॉर पंच्याहत्तरच्या आसपास. २००१ मध्ये पहिल्याच वर्षी २.९ टक्के मिळाले आणि यादीतून गेला. त्याच्या शेजारी एकोणीस मोसम शॉर्टस्टॉपला उभा राहिलेला ॲलन ट्रॅमेल पुढे समितीकडून आत गेला, हा अजून बाहेर. दोघांनी मिळून केलेल्या डबल प्लेचं (एकाच चेंडूवर दोघे बाद) अर्धं श्रेय कूपरस्टाउनमध्ये आणि अर्धं रस्त्यावर, असा प्रकार. माझं डोकं फिरतं ते इथं.

मग घोडं अडतं ते चारित्र्यावर

मतदानाच्या नियमात खेळाबरोबर सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य हेही बघावं असं लिहिलंय. त्यामुळे बॅरी बाँड्स निघाला की बाकी सगळं बंद पडतं. ७६२ होमरन, सात एमव्हीपी (मोसमातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा पुरस्कार), आणि २०२२ च्या शेवटच्या संधीला ६६ टक्के. रॉजर क्लेमेन्स, ३५४ विजय, सात साय यंग, ६५.२ टक्के. दोघंही उत्तेजकांच्या संशयामुळे बाहेर. उत्तेजकांच्या त्याच काळात मेजर लीगचे कमिशनर (प्रमुख) असलेले बड सेलिग मात्र २०१७ मध्ये आत. यावर अण्णा फक्त हात जोडतात.

इथं भावनेवर जाऊ नका, दोनच प्रश्न विचारा. तेव्हा शिक्षेचा नियम होता का? आणि या माणसाला शिक्षा झाली का? मेजर लीगमध्ये उत्तेजकांसाठी शिक्षेसह चाचण्या २००४ पासून सुरू झाल्या. म्हणून बाँड्स आणि क्लेमेन्सला माझं मत आहे. बाँड्सने तर १९९८ संपेपर्यंतच तीन एमव्हीपी घेतले होते आणि ४०० होमरन, ४०० स्टील्स (चोरून गाठलेले बेस) असा दुहेरी टप्पा गाठला होता, जो तोवर कोणी गाठला नव्हता. ॲलेक्स रॉड्रिग्ज, ६९६ होमरन, त्याला नाही, कारण नियम आल्यावर पकडला गेला आणि २०१४ चा अख्खा मोसम घरी बसला. मॅनी रामिरेझ दोनदा सापडला, त्यालाही नाही.

हीच फूटपट्टी पीट रोझला लावा. ४,२५६ हिट्स, आजवरचे सर्वाधिक. पण मॅनेजर असताना स्वतःच्या संघाच्या मॅचेसवर पैसे लावले. जुगाराचा नियम प्रत्येक क्लबहाउसमध्ये भिंतीवर लावलेला असतो, त्यामुळे माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही. १९८९ मध्ये बंदी आली आणि १९९१ मध्ये हॉलने बंदीवाल्यांना मतपत्रिकेवरच मनाई केली. रोझ सप्टेंबर २०२४ मध्ये गेला. मे २०२५ मध्ये मेजर लीगने मृत खेळाडूंवरची बंदी उठवली, त्यामुळे तो आणि १९१९ च्या वर्ल्ड सिरीजच्या (मोसमाच्या अंतिम मालिकेच्या) फिक्सिंग प्रकरणातला शूलेस जो जॅक्सन, दोघांनाही समितीचं दार उघडलंय. माझं मत बदललेलं नाही. माणूस वारल्याने त्याने मोडलेला नियम मागे जात नाही. सर यावर माझ्याशी दोन-दोन दिवस बोलत नाहीत. त्यांना रोझ पाहिजे म्हणजे पाहिजे.

चिठ्ठ्या टाकायच्या पद्धतीने

नुसतं तोंडाने भांडून निकाल लागत नाही, चिठ्ठ्या टाका. आठ जण जमवा, म्हणजे ७५ टक्के म्हणजे सरळ सहा मतं. चारच असाल तर तीन. डिसेंबरमध्ये त्या वर्षीची खरी यादी छापून घ्या, प्रत्येकाला एक कागद, जास्तीत जास्त दहा नावं. नावापुढे एका ओळीत कारण लिहायची सक्ती करा. "भारी होता" हे कारण बाद. अकरावं नाव लिहिलं तर अख्खी चिठ्ठी बाद. आपला माणूस शून्यावर आला तर पुढच्या वर्षी त्याची बाजू दुसऱ्याने मांडायची. यंत्रमागवाल्याला एकदा असंच शॉर्टस्टॉपसाठी बोलावं लागलं आणि त्याने सरांपेक्षा चांगली बाजू मांडली, हे सर अजून मान्य करत नाहीत.

खरा निकाल लागला की आपल्या आकड्यांशेजारी पत्रकारांचे आकडे लिहा आणि वही ठेवून द्या, पुढच्या डिसेंबरला लागते. आमची वही अण्णांच्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये, उधारीच्या वहीखाली असते. व्हिटेकरचं नाव मी दरवर्षी लिहितो. यादीत नाही म्हणून अण्णा ते लाल पेनाने खोडतात आणि माझी उरलेली नावं मोजायला घेतात.