टीडीए २०३०ए जोडायला बसण्यापूर्वी

गेल्या गणपतीत आरतीच्या माइकसाठी टीडीए २०३०ए या ऑडिओ आयसीचा अँप (अँप्लिफायर) डॉट बोर्डवर जोडला. चालू केला तर स्पीकर चिडीचूप. म्हटलं झकास, हमची गुणगुणसुद्धा नाही! पाच मिनिटांत हीटसिंकला हात लाववेना आणि आउटपुटवरचा १ ओहमचा रेझिस्टर असा करपला की रंगाचे पट्टेही दिसेनात. आयसी ऑसिलेट होत होता, म्हणजे इनपुट नसताना आपणच सिग्नल काढत होता, कानाच्या टप्प्याच्या पार वर. बायपासचे, म्हणजे सप्लायचे झटके पिनजवळच जिरवणारे, १०४ कपॅसिटर लावले होते, पण भलत्याच जागी. आता दुसरा जोडतोय, म्हणून ही यादी.

सोल्डर, कटर, मीटर हे सांगायला नको. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२. मायका वॉशर मात्र आठवणीने घ्या. या आयसीचा पत्रा आतून ३ नंबरच्या पिनला, म्हणजे मायनस सप्लायला जोडलेला असतो, म्हणून पत्रा आणि हीटसिंक यांच्या मध्ये तो हवाच. १०० मायक्रोफॅरडचे दोन इलेक्ट्रोलिटिक, ३५ व्होल्टचे. आणि १०४ लिहिलेले, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचे, दोन सिरॅमिक.

हे १०४ सगळ्यात आधी लावायचे, बाकीच्या पार्टांनी जागा अडवायच्या आत. एक ५ नंबरच्या पिनवर (प्लस सप्लाय), एक ३ नंबरच्या. पिनवर म्हणजे पिनवरच! सप्लायच्या वायरी बोर्डावर येतात तिथे नाही. मी तिथेच लावले होते. जागा मोकळी होती आणि दिसायला सुबक. मध्ये दहा सेंटिमीटर वायर. वायरीचं इंडक्टन्स मिलिमीटरला ढोबळ १ नॅनोहेन्री धरलं तर झाले १०० नॅनोहेन्री. ०.१ मायक्रोफॅरडबरोबर त्याचा रेझोनन्स १.६ मेगाहर्ट्झला येतो, आणि त्याच्या वर आयसीला समोर कपॅसिटर दिसतच नाही, कॉइल दिसते. म्हणून १०४ चे पायसुद्धा आखूड कापा. लांब पायांचा महागडा फिल्म कपॅसिटर आणून आवाज ‘खुलवायला’ जाल, तर पिनला चिकटलेला साधा सिरॅमिक त्यापेक्षा कामाचा. इलेक्ट्रोलिटिक दोन-तीन सेंटिमीटर लांब चालतील. १०४ नाही चालणार.

या बायपास कपॅसिटरांचं ग्राउंड इनपुटच्या ग्राउंडला टेकवू नका. सप्लायचा झटक्यांचा करंट त्या वाटेने गेला की तो इनपुटमध्येच मिसळतो, मग डिस्टॉर्शन, नाहीतर पुन्हा ऑसिलेशन. फिल्टर कपॅसिटरच्या मधल्या जोडापर्यंत वेगळी वायर न्या.

फीडबॅकला २२ के आणि ६८० ओहम, गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) साधारण ३३. आवाज जास्त वाटतो म्हणून गेन उतरवायचा नाही, डेटाशीटला (कंपनीच्या माहितीपत्रकाला) किमान २४ डीबी, म्हणजे साधारण १६ पट, लागतो. व्हॉल्यूम कंट्रोल कशाला आहे? आउटपुटवर १ ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये. नुसता कपॅसिटर आउटपुटवरून ग्राउंडला टाकलात तर ऑसिलेशनला तुम्हीच आवतण दिलं.

पहिल्यांदा सिरीज बल्बवर, म्हणजे मेन्सच्या वायरीत सिरीजमध्ये बल्ब लावून. इनपुट शॉर्ट, स्पीकर काढलेला, आउटपुटला डीसी जवळपास शून्य. हीटसिंक गार हवा. स्कोप (ऑसिलोस्कोप) नसेल तर मिडियम वेव्हचा रेडिओ शेजारी ठेवून काटा फिरवा. अँप चालू केल्यावर स्टेशनं गुदमरली तर गडबड आहे. मग स्पीकर, मग माइक.

डब्यात घालण्याआधी बोर्ड उलटा करून १०४ बघा. ५ ला एक, ३ ला एक.