मॉक एपीआय सर्व्हर लिहिताना या चुका टाळा

एपीआय म्हणजे ॲपने सर्व्हरला विनंती करण्याची आणि उत्तर घेण्याची ठरलेली पद्धत. खरा सर्व्हर तयार नसताना, किंवा त्यावर चाचण्या चालवणे परवडत नसताना, त्याच्या जागी उभा करायचा मॉक, म्हणजे नकली, सर्व्हर अर्ध्या तासात लिहून होतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणी पुरेसे लक्ष देत नाही. लातूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील नव्या मुलांचा कोड तपासताना मला त्याच त्या चुका वारंवार दिसतात.

सर्वांत महागात पडते ती प्रत्येक विनंतीला तत्काळ यशस्वी उत्तर देण्याची सवय. लातूरच्या बाजारात सोयाबीनची आवक नोंदवून शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) काढणारे मोबाइल ॲप आम्ही एका ग्राहकासाठी केले होते. आमचा मॉक नोंद मिळताच काही मिलिसेकंदांत २०१ (नोंद तयार झाली) हा कोड पाठवत असे आणि सगळ्या चाचण्या पास होत. दिवाळीच्या तोंडावर आवक वाढली, यार्डातले नेटवर्क मंदावले, आणि ॲप १० सेकंद वाट पाहून तीच नोंद पुन्हा पाठवू लागले. पहिली नोंद सर्व्हरवर केव्हाच झालेली होती. हरवले होते ते केवळ तिचे उत्तर. संध्याकाळी आडतदाराचा फोन आला, "भाऊ, एकाच मालाच्या दोन पट्ट्या कशामुळं निघाल्यात?" त्या रात्री काट्याच्या कागदी पावत्या समोर ठेवून आम्ही एकेक नोंद जुळवली.

तेव्हापासून मी मॉकमध्ये यशस्वी उत्तराच्या आधी हा प्रसंग लिहितो: नोंद करून घ्यायची आणि उत्तर न देताच जोडणी तोडायची. ॲपने प्रत्येक नोंदीसोबत स्वतः तयार केलेला वेगळा क्रमांक पाठवावा, आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास सर्व्हरने नवी नोंद न करता पहिलेच उत्तर परत द्यावे, हा नियम मॉकनेही पाळला पाहिजे. बिघाड मात्र नाणेफेक करून घडवू नयेत, कारण कधी पास आणि कधी नापास होणाऱ्या चाचणीकडे आठवडाभरात सगळेच दुर्लक्ष करू लागतात. माझ्या मॉकमध्ये कट्ट्यांची संख्या ९९९ आली की ५०३ (सेवा उपलब्ध नाही) हा कोड मिळतो, आणि ९९८ आली की उत्तर १५ सेकंद उशिरा येते.

दुसरी चूक मराठीत काम करणाऱ्यांना हमखास भोवते. हाताने लिहिलेल्या मॉकमध्ये उत्तराची लांबी सांगणाऱ्या कंटेंट-लेंग्थ या हेडरात (उत्तराच्या आधी जाणाऱ्या माहितीत) अक्षरांची संख्या भरली जाते, तेथे बाइट्सची संख्या हवी असते. इंग्रजीतल्या लातूरची पाच अक्षरे म्हणजे पाचच बाइट्स, म्हणून चूक लपून राहते. देवनागरीतल्या "लातूर" या शब्दात काना आणि उकार धरून पाच चिन्हे आहेत, परंतु यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट्स लागतात, म्हणजे एकूण १५. हेडरात ५ लिहिले की घेणारा पाच बाइट्सवरच थांबतो आणि अर्धवट जेसन (माहिती मजकुराच्या रूपात पाठवण्याचा साचा) वाचता येत नाही. एका मुलाने यावर तोडगा म्हणून चाचणीतली सगळी गावे इंग्रजीत लिहिली होती, आणि असे तोडगे मला मान्य नाहीत. मजकूर आधी बाइट्समध्ये बदलावा आणि मगच मोजावा. चाचणीच्या पहिल्याच नोंदीत मी "औंढा नागनाथ" लिहितो, म्हणजे काना, अनुस्वार आणि मोकळी जागा एकदमच तपासली जाते.

जेसन-सर्व्हर हा तयार मॉक एका फाइलवरून मिनिटभरात उभा राहतो आणि स्क्रीन बांधण्यापुरता तो उत्तम आहे. परंतु पाठवलेले काहीही तो न तपासता स्वीकारतो, म्हणून वजन आकड्याऐवजी मजकूर म्हणून गेले तरी कळत नाही. एपीआयने काय घ्यावे आणि काय द्यावे हे लिहिण्याच्या ओपनएपीआय या पद्धतीतले वर्णन हाताशी असेल तर प्रिझम हे मॉकचे साधन वापरावे. ते विनंती त्या वर्णनाशी ताडून पाहते.

पोर्ट क्रमांक (सर्व्हर ज्यावर विनंत्या घेतो तो) कोडमध्ये पक्का करू नये; ० दिल्यास ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा पोर्ट स्वतः देते. अँड्रॉइड इम्युलेटर हा संगणकावर चालणारा आभासी फोन; त्यातून लोकलहोस्ट (हेच यंत्र) म्हणजे इम्युलेटर स्वतःच असतो, आपल्या संगणकासाठी १०.०.२.२ हा पत्ता द्यावा लागतो. एका चाचणीच्या नोंदी दुसरीत शिरू नयेत म्हणून प्रत्येक चाचणीपूर्वी मॉकची स्मृती रिकामी करावी.

खऱ्या सर्व्हरची उत्तरे रेकॉर्ड करून मॉकमध्ये वापरणार असाल, तर त्यांतले शेतकऱ्यांचे मोबाइल आणि बँक खात्यांचे क्रमांक बदलल्याशिवाय ती फाइल रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) टाकू नका, कारण नंतर फाइल काढून टाकली तरी कोडचे सगळे बदल जपणाऱ्या गिटच्या इतिहासात ती राहते.