मधमाश्यांची स्वच्छतावृत्ती: पेटीत कशी तपासावी आणि पुढच्या राणीत कशी उतरवावी

झाकलेल्या घरात अळी किंवा कोष आजारी पडला, की काही वसाहतींतील कामकरी माश्या वासावरून ते ओळखतात, मेणाचे झाकण कुरतडून उघडतात आणि आतील मृत पिल्लू ओढून पेटीबाहेर टाकतात. रोगाचे बीजाणू पसरण्याआधीच हे काम उरकल्यामुळे अमेरिकन फाउलब्रूड आणि चॉकब्रूड या पिल्लांच्या रोगांना आळा बसतो, व्हरोआ या माश्यांवर जगणाऱ्या परजीवी कोळ्यालाही काही प्रमाणात अटकाव होतो. हा गुण आनुवंशिक आहे, म्हणजे तो निवडीने वाढवता येतो. मात्र त्यासाठी आधी तो नीट मोजावा लागतो.

मोजणीसाठी पूर्ण झाकलेल्या, सलग कोषांची चौकट निवडावी. सुमारे साडेसात सेंटिमीटर व्यासाची धातूची नळी मेणात मधल्या पडद्यापर्यंत फिरवत रुतवावी; तिच्यात साधारण १६० घरे येतात. आतील रिकामी घरे आधीच मोजून लिहून ठेवावीत, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती माश्यांनी साफ केली असे वाटून हिशेब चुकतो. मग आतील पिल्ले गोठून मरावीत म्हणून नळीत थोडासा द्रव नायट्रोजन ओतून कडा गोठू द्यावी आणि उरलेला ओतावा. एकूण ३०० मिलिलीटर पुरतो. हे काम उघड्यावर, जाड हातमोजे व डोळ्यांवर चष्मा घालूनच करावे. नळीवरचा बर्फ पूर्ण वितळल्यावरच ती काढावी आणि चौकट पेटीत परत ठेवावी. नायट्रोजन मिळत नसेल, तर तेवढाच पोळ्याचा तुकडा कापून उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये २४ तास ठेवून पुन्हा चौकटीत बसवला तरी चालतो.

बरोबर २४ तासांनी चौकट उचलावी. ज्या घराच्या झाकणाला कुरतडलेल्या कडेचे भोक आहे, पण आत पांढरट कोष तसाच पडून आहे, ते घर साफ झालेले धरू नये. ९५ टक्के किंवा अधिक घरे पूर्ण रिकामी झाली, आणि काही दिवसांनी केलेल्या दुसऱ्या चाचणीतही तसेच घडले, तरच त्या वसाहतीला स्वच्छ म्हणावे. मकरंदाचा जोर असताना ढिल्या वसाहतीही चपळ वाटतात, म्हणून सर्व पेट्या एकाच दिवशी, शक्यतो फुलोरा ओसरल्यावर तपासाव्यात. ९५ टक्क्यांची ही रेषा मेलिफेरा म्हणजे युरोपीय मधमाशीवरच्या कामातून आली आहे. सातेरी या आपल्या देशी मधमाशीच्या पेट्यांना ती जशीच्या तशी न लावता सातेरींची तुलना सातेरींशीच करावी.

अर्धवट उघडलेल्या घरांकडे मी इतके लक्ष का वेधतो, याचे उत्तर अमेरिकेतील वॉल्टर रोथेनब्यूलर यांच्या १९६४ च्या प्रयोगात आहे. स्वच्छ आणि अस्वच्छ वंशांच्या संकरातून जन्मलेल्या राण्यांचे नर घेऊन त्यांनी एकेका नराचे वीर्य स्वच्छ वंशाच्या एकेका राणीला कृत्रिमरीत्या दिले. अशा २९ वसाहतींपैकी ६ वसाहतींनी झाकण काढून पिल्लू बाहेर टाकले, ९ वसाहतींनी झाकण काढून पिल्लू तसेच ठेवले आणि १४ वसाहतींनी काहीच केले नाही. मग त्यांनी त्या १४ वसाहतींतील झाकणे स्वतःच उघडून दिली, तेव्हा त्यांतील ६ वसाहतींनी पिल्ले काढली. म्हणजे झाकण उघडणे आणि पिल्लू काढणे ही दोन वेगळी कामे असून त्यांचा वारसाही वेगवेगळा चालतो. त्यांनी दोन अप्रभावी जनुकांची, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आले तरच गुण दाखवणाऱ्या जनुकांची, कल्पना मांडली होती. पुढे २००२ मध्ये जनुकीय खुणांच्या अभ्यासात सात संभाव्य स्थाने आढळली, त्यामुळे ‘स्वच्छतेचा एकच जनुक’ असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये.

पैदाशीत खरी चूक नरांच्या बाबतीत होते. नर निषेचन न झालेल्या अंड्यातून जन्मतो, त्याला बाप नसतो, त्याच्या अंगी फक्त आईचेच जनुक असतात. राणी मात्र उडताना दहा-बारा किंवा त्याहून अधिक नरांशी मिलन करते. उत्तम राणीच्या मुली शेजारच्या न तपासलेल्या नरांशी जुळल्या, तर अप्रभावी गुण झाकला जातो आणि केलेली निवड वाया जाते. म्हणून तपासलेल्या स्वच्छ वसाहतींपैकी एक-दोन राणीपैदाशीसाठी ठेवून उरलेल्यांत नरांचे पोळे द्यावे. अंड्यापासून नर बाहेर यायला २४ दिवस आणि तो वयात यायला आणखी सुमारे दोन आठवडे लागतात. राणी १६ दिवसांत बाहेर येऊन पुढे पाच-सहा दिवसांत मिलनयोग्य होते. हे गणित जुळवण्यासाठी नरांची अंडी राणीच्या अंड्यांपेक्षा किमान १६ दिवस आधी घालून घ्यावीत. नव्या राणीची चाचणी मात्र लगेच करू नये. पेटीतील जुन्या राणीच्या कामकरी माश्या संपून सर्व माश्या तिच्याच मुली होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन महिने, थांबावे.